सलामीची भीती आणि बोअरचं पाणी

प्रश्न : मुलगा पुण्यात शिकायला आहे. सुट्टीत घरी येताना तो चिकन सलामी आणि सॉसेजची गोठवलेली पाकिटं आणतो. परवा पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली, तर तिथे ‘परिरक्षक (२५०)’ असं छापलेलं. शेजारचे मास्तर म्हणाले, हे सोडियम नायट्राइट, यानं कॅन्सर होतो, पाकीट आधी फेकून द्या. मुलगा म्हणतो, सरकारनं परवानगी दिली आहे, मग बिघडलं काय? सासूबाईंचं तिसरंच. आमच्या काळी मटण उन्हात वाळवून महिने काढले, त्यात कुठलं औषध नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. आता यातलं खरं कुणाचं? — एक वाचक भगिनी, खामगाव

उत्तर : मास्तरांचं रसायन बरोबर आहे, मुलाचा कायदा बरोबर आहे आणि सासूबाईंच्या वाळवणात नायट्राइट नव्हतं हेही बरोबर आहे. तिघांनीही प्रमाणाचा हिशेब मात्र केलेला नाही. तो करू.

घरी चिकन शिजवलं की ते पांढरट होतं, मटण तपकिरी होतं. सलामी शिजवलेलीच असते, तरी गुलाबी राहते. ती गुलाबी ठेवतं ते हे २५०. मांसातल्या मायोग्लोबिन नावाच्या लाल प्रथिनाला नायट्राइटपासून निघणारा नायट्रिक ऑक्साइड चिकटतो आणि तो रंग उष्णतेनंही जात नाही. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी १९०१ मध्ये या रंगाचं कोडं उलगडलं. त्याआधी दहा वर्षं, १८९१ मध्ये, जर्मनीच्या एडुआर्ड पोलेन्स्के यांना खारवलेल्या मांसात नायट्राइट सापडलं होतं. गंमत म्हणजे ते कुणी घातलेलंच नव्हतं. घातला होता सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. जिवाणूंनी त्याचं नायट्राइट केलं होतं.

हा सोरा आपल्याला परका नाही. सतराव्या-अठराव्या शतकात बिहारच्या पाटण्याहून जहाजं भरभरून सोरा डच आणि इंग्रज कंपन्यांनी युरोपला नेला. तो नेला तोफांच्या दारूसाठी, पण युरोपातले खाटीक हॅम खारवायलाही सोराच वापरत. पुढे १९२५ मध्ये अमेरिकेनं सोऱ्याऐवजी थेट नायट्राइट घालायला परवानगी दिली. मोजून घालता येतं आणि थोडं पुरतं, म्हणून मग सगळीकडे तेच रूढ झालं.

पण नायट्राइटचं काम केवळ रंगापुरतं नाही. ते बॉट्युलिझमही रोखतं. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो. सॉसेजचं पोट, हॅमच्या हाडाजवळचा भाग, हवाबंद पाकीट या त्याच्या आवडीच्या जागा. त्याचं विष नसांवर चढतं, पापण्या मिटतात, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वास थांबतो. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गमध्ये युस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं १८२० आणि १८२२ मध्ये सॉसेजच्या विषबाधेवर सविस्तर लिहिलं. बेल्जियममधल्या एलझेल गावी १८९५ च्या डिसेंबरात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी हॅम खाल्लं आणि त्यातले तिघे दगावले. त्याच हॅममधून एमिल फान एर्मेंगेम यांनी हा जिवाणू वेगळा काढला. उकळत्या पाण्यातही या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. नायट्राइट त्यांना मारत नाही, पण वाढू देत नाही. म्हणून मास्तरांना हे आधी सांगा, की या २५० मुळे माणसं मारणारा जिवाणूही अडतो.

प्रश्न : मग कॅन्सरचं म्हणणं खोटं का? (याच पत्रातून)

उत्तर : खोटं नाही. पोटातल्या आम्लात किंवा कढईच्या कडक आचेवर नायट्राइटची मांसातल्या अमाइन नावाच्या घटकांशी गाठ पडते आणि नायट्रोसअमाइन तयार होतात. पीटर मॅगी आणि जॉन बार्न्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये दाखवलं की डायमिथाइल नायट्रोसअमाइन खाऊ घातलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी होतात. तेव्हापासून हे रसायनांचं कुटुंब संशयितांच्या यादीत आहे.

२०१५ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फ्रान्समधल्या लिऑन इथे दहा देशांचे बावीस तज्ज्ञ बसवले. त्यांनी आठशेहून अधिक अभ्यास चाळले आणि प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे ‘माणसात कॅन्सर करतं याचा पुरेसा पुरावा आहे’ या गटात टाकलं. कॅन्सर मुख्यतः मोठ्या आतड्याचा. रोज ५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक सॉसेज, खाणाऱ्यात हा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज.

इथे दोन ठिकाणी लोक घसरतात. एक म्हणजे याच पहिल्या गटात तंबाखूही आहे, म्हणून सलामी आणि तंबाखू सारख्याच घातक, असं समजणं. गट सांगतो पुरावा किती पक्का आहे ते. घात किती मोठा, हे गट सांगत नाही. त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेनंच आकडे दिले होते : जगभरात वर्षाला कॅन्सरचे सुमारे ३४ हजार मृत्यू प्रक्रिया केलेल्या मांसाच्या भरपूर खाण्याशी जोडता येतील, तंबाखूशी सुमारे १० लाख.

दुसरी घसरगुंडी टक्क्यांची. ब्रिटनमध्ये, जिथे हे मांस रोजच्या न्याहारीला असतं, तिथला हिशेब असा मांडतात : ते सर्वांत कमी खाणाऱ्या हजार जणांत आयुष्यभरात सुमारे ५६ जणांना आतड्याचा कॅन्सर होतो, सर्वांत जास्त खाणाऱ्या हजारांत सुमारे ६६ जणांना. हजारामागे दहा. हा आकडा क्षुल्लक नाही, पण तो रोज, वर्षानुवर्षं खाण्याचा आहे. भारतात हा कॅन्सर मुळातच ब्रिटनपेक्षा बराच कमी आढळतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-दोनदा सॉसेज खाणारा तुमचा मुलगा या गणितात फार खालच्या पायरीवर आहे. पुण्यात मेसचा कंटाळा आला म्हणून तो रोज सकाळी सलामी-ब्रेड खात असेल, तर मात्र तो त्याच पायऱ्या चढतो आहे. सुट्टीतल्या पाकिटापेक्षा ही चौकशी आधी करा.

प्रश्न : पाकिटावरून काय ओळखावं? चिकनची सलामी मटणापेक्षा बरी का? (याच पत्रातून)

उत्तर : २४९ आणि २५० हे आकडे नायट्राइटचे, २५१ आणि २५२ नायट्रेटचे. त्यांच्याजवळ ३००, ३०१ किंवा ३१६ दिसला तर ती चांगली खूण समजा. ही क जीवनसत्त्वाची किंवा त्याच्या भावंडांची नावं. त्यांच्यामुळे नायट्रोसअमाइन तयार होणं बरंच रोखलं जातं. अमेरिकेत १९७८ पासून बेकनमध्ये ती घालणं सक्तीचं आहे.

मुलाचं सरकारी परवानगीचं म्हणणं बरोबर, पण परवानगीची रेषा जागची हलत असते. तयार पदार्थात उरलेलं नायट्राइट किलोमागे ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची मर्यादा आहे. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेनं जुलै २०२२ मध्ये नायट्राइट आणि आतड्याचा कॅन्सर यांचा संबंध मान्य केला आणि असं मांस आठवड्याला १५० ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगितलं. युरोपीय संघानं २०२३ मध्ये मांसात घालायच्या नायट्राइटच्या मर्यादा खाली आणल्या, त्या ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्या. इटलीतलं पार्माचं प्रसिद्ध हॅम तर १९९३ पासून निव्वळ मिठावर केलं जातं. पण त्याला महिनोन् महिने थंड हवेत मुरवावं लागतं. ते गणित खामगावच्या मे महिन्यात जमायचं नाही.

चिकनचं म्हणाल तर प्रक्रिया केलेल्या मांसाच्या व्याख्येत चिकनही बसतं. लाल मांसात हीम नावाचा लोहयुक्त घटक जास्त असतो आणि तो नायट्रोसअमाइनसारखी संयुगं बनायला मदत करतो, म्हणून चिकन त्या मानानं थोडं बरं. मीठ मात्र दोन्हीत सारखंच. शंभर ग्रॅम सॉसेजमध्ये दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं आणि दिवसभराची मर्यादा आहे पाच ग्रॅम. तुमच्या सासूबाईंना रक्तदाब असेल तर त्यांच्यासाठी नायट्राइटपेक्षा हे मीठच जास्त महत्त्वाचं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाकिटावर दिसत नाही, ती म्हणजे प्रवास. पुण्याहून खामगावपर्यंत रात्रभराच्या बसमध्ये पाकीट वितळतं, घरी येऊन पुन्हा गोठतं, मग भारनियमनात पुन्हा वितळतं. नायट्राइट बॉट्युलिनमला अडवतं, सगळ्या जिवाणूंना नाही. आत बर्फाचा थर साचलेलं, फुगलेलं किंवा चिकट झालेलं पाकीट सरळ टाकून द्या. तिथे आकडे वाचत बसायचं कारण नाही. आणि तळताना काळं करू नका. मंद आचेवर परता, सोबत कांदा, टोमॅटो, लिंबू असू द्या.

प्रश्न : सासूबाईंच्या वाळवणाचं काय? सुकट-बोंबिलातही काही घालतात का? (याच पत्रातून)

उत्तर : मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची आणि दोरीवर कडक उन्हात वाळवायच्या. या चान्या विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक घरांत होत. फ्रिज नव्हता आणि ताजं मांस रोज परवडत नव्हतं, तिथे एका दिवसाचं मांस दोन-तीन महिने पुरवायची ही रीत होती. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात दलित स्वयंपाकघरातल्या अशा पदार्थांची सविस्तर नोंद आहे. यात नायट्राइट नसतं, कारण त्याची गरजच नसते. बॉट्युलिनमला ओल हवी आणि कोंडलेली जागा हवी. वैशाखाच्या उन्हात उघड्यावर वाळलेल्या पातळ पट्टीत दोन्ही नाही.

म्हणजे सासूबाई जिंकल्या का? अर्ध्या. खारवणं, आंबवणं, धुरी देणं या सगळ्यालाच लिऑनच्या तज्ज्ञांनी प्रक्रिया म्हटलं आहे, आणि लाल मांसातला हीम घटक वाळवून जात नाही. पण त्या काळी मांस पानात पडायचं ते चिमूटभर, भाकरीला चव आणण्यापुरतं. वाळवणामुळे जेवढं साधलं, तितकंच त्या मापामुळेही साधलं.

आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबिलाला मीठ आणि ऊन लागतं. चिनी पद्धतीचे खारवलेले मासे कॅन्सरच्या पहिल्या गटात आहेत हे खरं, पण तिथे मासा आधी मऊ पडू देऊन मग खारवतात, आणि दक्षिण चीनमध्ये तो लहान मुलांनाही वरचेवर भरवतात. आपलं बोंबील ते नव्हे. मीठ उतरावं म्हणून कोमट पाण्यात धुऊन घ्या आणि खा. गोव्याच्या चोरिसात व्हिनेगर, मिरची, मीठ असतं आणि काही पाककृतींत सोराही पडतो, हे मात्र ध्यानात असू द्या. आणि मुलानं मोबाइलवर बघून घरीच हॅम करायचं म्हटलं तर बाजारातलं नायट्राइट आणू देऊ नका. ते दिसतं हुबेहूब मिठासारखं आणि त्याचा एक चमचाही माणसाच्या जिवावर बेततो. कारखान्यात म्हणूनच ते मिठात आधी मिसळून, गुलाबी रंग देऊन वापरतात.

प्रश्न : पालक-मेथीत नायट्रेट असतं असं वाचलं. मग त्याही खाऊ नयेत का? — एक वाचक, चिखली

उत्तर : जरूर खाव्यात. आपल्या पोटात जाणाऱ्या नायट्रेटचा सर्वांत मोठा वाटा भाज्यांचाच असतो. शंभर ग्रॅम पालकात दोनशे मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट सहज असू शकतं, बिटातही भरपूर असतं. यातलं सुमारे पाच टक्के नायट्रेट आपल्या लाळेतच नायट्राइट होतं, म्हणजे नायट्राइटचा छोटा कारखाना प्रत्येकाच्या तोंडात आहे. तरी पालक खाणाऱ्यांत कॅन्सर वाढलेला दिसत नाही. कारण पालक एकटा येत नाही. त्याच्यासोबत क जीवनसत्त्व आणि इतर रक्षक घटक येतात, आणि मांसातला हीम घटक तिथे नसतो. धोका ठरतो तो नायट्रेट कुणाच्या संगतीनं येतं यावर. लिऑनच्याच संस्थेनं २०१० मध्ये तसं नेमकं म्हटलं होतं : खाण्यापिण्यातलं नायट्रेट किंवा नायट्राइट, शरीरात नायट्रोसअमाइन घडतील अशा परिस्थितीत, ‘बहुधा कर्करोगकारक’ आहे.

तंबाखूची संगत यात सर्वांत वाईट. तंबाखूचं पान मुरतं तेव्हा त्यात त्याचेच खास नायट्रोसअमाइन तयार होतात. सलामीतले नायट्रोसअमाइन किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, चघळायच्या तंबाखूतले ग्रॅममागे मायक्रोग्रॅममध्ये. एककातच हजारपटीचा फरक आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुना आणि खर्रा चौकाचौकात मळला जातोच. घरात नायट्रोसअमाइनची खरोखर धास्ती घ्यायची असेल तर आधी खिशातल्या पुडीकडे बघा, फ्रीजमधल्या पाकिटाकडे नंतर.

प्रश्न : २०२५ च्या सुरुवातीला आमच्या भागात लोकांचे केस गळाले, तेव्हा पाण्यात नायट्रेट जास्त असल्याचं सांगितलं होतं. सॉसेजमधलं आणि आमच्या बोअरमधलं नायट्रेट एकच का? — एक वाचक, शेगाव तालुका

उत्तर : सॉसेजमध्ये नायट्राइट, पाण्यात नायट्रेट. शरीरात पहिल्याचा जन्म दुसऱ्यापासून होतो, म्हणून नातं सख्खं आहे. पण केसगळतीचा आळ नायट्रेटवर टिकला नाही. बोंडगाव, काळवड, हिंगणा, कठोरा अशा गावांत डिसेंबर २०२४ पासून अचानक टकलं पडू लागली, तेव्हा पाण्याचे नमुने घेतले गेले. त्यात नायट्रेट आणि क्षार वाढलेले दिसले आणि सगळ्यांचं बोट पाण्याकडे गेलं. मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळलं, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. सेलेनियम जास्त झालं की केस आणि नखं जातात, आणि एप्रिलमध्ये काहींची नखंही गेली. नायट्रेटनं केस गळत नाहीत.

त्या गडबडीत एक गोष्ट मात्र मागे पडली. केसांच्या बाबतीत नायट्रेट निर्दोष ठरलं, म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. केंद्रीय भूजल मंडळाचा अहवाल २०२४ च्या अखेरीस आला. त्यात महाराष्ट्रातल्या ३५.७४ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं. देशातल्या ज्या पंधरा जिल्ह्यांत ते सर्वांत जास्त आढळलं, त्यांत महाराष्ट्राचे सात आहेत : वर्धा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ आणि आपलं बुलढाणा.

मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. भारतीय मानकात बऱ्याच घटकांना ‘दुसरा स्रोत नसेल तर इथपर्यंत चालेल’ अशी सवलत आहे, नायट्रेटला ती नाही. कारण लहान बाळं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉमली या डॉक्टरकडे निळी पडलेली तान्ही मुलं आली. त्यांचं वरचं दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं होतं. बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथे जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यासाठी निकामी करतं. ओठ निळसर होतात, रक्त चॉकलेटी दिसतं. मोठ्या माणसाच्या रक्तात हे दुरुस्त करणारं विकर पुरेसं असतं, तान्ह्याच्या रक्तात नसतं.

आता शेजारी शेजारी ठेवून हिशेब करू. मर्यादेच्या काठावरचं, म्हणजे ४५ मिलिग्रॅमचं पाणी शेतात राबणारा माणूस उन्हाळ्यात तीन लिटर सहज पितो. त्यातून १३५ मिलिग्रॅम नायट्रेट जातं आणि लाळेत त्याचं सुमारे ५ मिलिग्रॅम नायट्राइट होतं. पन्नास ग्रॅम सॉसेजमध्ये, नायट्राइट अगदी कमाल मर्यादेइतकं उरलेलं धरलं तरी, ते ४ मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाला आयुष्यभर रोज चालेल असं नायट्राइटचं माप तज्ज्ञांनी ४.२ मिलिग्रॅम ठरवलं आहे. म्हणजे दोन्ही आकडे एकाच पट्टीतले आहेत. फरक इतकाच, की सॉसेज कधीतरी खाल्लं जातं आणि पाणी रोज, घरातल्या सगळ्यांना. शिवाय ४५ हा काठ झाला, आपल्याकडे कित्येक बोअर तो ओलांडून बसले आहेत.

पाण्यातल्या नायट्रेटनं मोठ्यांना कॅन्सर होतो हे बाळांच्या निळेपणाइतकं सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. डेन्मार्कमध्ये सत्तावीस लाख लोकांची नोंद तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. त्यात आजच्या मर्यादेहून बऱ्याच कमी नायट्रेटलाही आतड्याच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला दिसला. पण हा निरीक्षणाचा पुरावा आहे, शेवटचा शब्द नव्हे. बाळांबद्दल मात्र शंकेला जागा नाही.

प्रश्न : नायट्रेट पाण्यात येतं कुठून आणि घालवायचं कसं? पाणी उकळून चालेल का? — एक वाचक, नांदुरा

उत्तर : उकळू नका. म्हणजे जंतूंसाठी जरूर उकळा, पण नायट्रेटसाठी नाही. पाणी वाफ होऊन उडतं, नायट्रेट भांड्यातच राहतं आणि दाट होतं. तुरटी, ब्लीचिंग पावडर, कँडलचा फिल्टर, अतिनील दिव्याचं यंत्र यांचाही नायट्रेटवर काही इलाज चालत नाही. आरओनं ते बरंच उतरतं, पण पडदा वेळेवर बदलला तरच. जारचं पाणी आरओचं आहे असं म्हणतात, तेही एकदा तपासून घ्यावं.

येण्याच्या वाटा आपल्या अंगणातच आहेत. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो नत्र असतं. कपाशीनं उचललं तेवढं उचललं, उरलेल्याचं मातीत नायट्रेट होतं. आपली काळी माती इतर बरंच काही धरून ठेवते, नायट्रेटला मात्र ती धरू शकत नाही. जोराचा पाऊस झाला की ते भेगांतून खाली उतरतं. विहिरीशेजारचा उकिरडा, गोठ्याचं मूत, शौचालयाचा शोषखड्डा यांचं नत्रही तिथेच जातं. पाण्याच्या स्रोतापासून हे सगळं किमान पंधरा मीटर दूर हवं, आणि तेही उताराच्या खालच्या बाजूला.

नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात एक जुनी सवय आहे : पाणी जिभेवर पारखायचं. खारं नाही, गोड लागतं, म्हणजे चांगलं. क्षारांच्या बाबतीत ही पारख खरी आहे, पण नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. गावातली सर्वांत गोड विहीर नेमकी गोठ्यांच्या मधोमध असेल, तर तिथेच नायट्रेट सर्वांत जास्त असू शकतं. जळगाव जामोद-संग्रामपूरकडे वान धरणाचं पाणी देणारी १४० गावांची योजना आहे. अशा योजनेचा नळ घरी येत असेल तर पिण्याला तेच पाणी वापरा, बोअरचं धुण्याभांड्याला ठेवा. नळाला उशीर झाला म्हणून बोअरवर परत जायची सवय मोडायला हवी.

पाण्याची परीक्षा अवघड नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण दिलेलं आहे आणि त्या संचात नायट्रेटची चाचणी असते. ग्रामपंचायतीतल्या जलसुरक्षकाकडे चौकशी करा. पक्का आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. वर्षातून दोनदा तपासा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा पावसाळा संपल्यावर, कारण पावसानं आकडा खालीही येतो आणि वरही जातो.

घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला फक्त आईचं दूध द्या. आई बोअरचं पाणी पीत असली तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. बाळाला पाणी, घुटी, पाणी घातलेलं वरचं दूध देऊ नका. काही कारणानं वरचं दूध द्यावंच लागलं, तर ते तपासलेल्या पाण्यातच कालवा. बाळाचे ओठ-नखं निळसर वाटली तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठा. यावर इंजेक्शनचा इलाज आहे आणि तो लवकर लागू पडतो.

आता खामगावच्या ताईंना शेवटचं. पाकीट फेकू नका, पण त्याची सवयही लावू देऊ नका. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळेला, थोडं, मंद आचेवर, लिंबू-टोमॅटोसोबत खायला हरकत नाही. मास्तरांना सांगा की २५० आकड्याची भीती रास्त आहे, तशीच ४५ आकड्याचीही बाळगा. पुढच्या सुट्टीत मुलगा आला की त्याच्या हाती पाण्याची बाटली द्या आणि घरच्या बोअरचा नमुना तपासायला पाठवा. आकडा ४५ च्या वर निघाला तर तो चिठ्ठीसकट ग्रामसभेत मांडा. सलामीचा निर्णय तुमच्या घरात होईल, पाण्याचा निर्णय गावालाच घ्यावा लागेल.